वाट मोकळी करणारा माणूस



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांचे नाव कोणत्याही गुणवत्ता यादीत छापलेले नाही. तेथे नावे असतात ती विद्यार्थ्यांची. म्हणूनच इतरांसाठी वाट मोकळी करणाऱ्या एका खेळाडूविषयी आज मी बोलणार आहे. त्यांचे नाव फ्रेडरिक 'ड्यूक' स्लेटर.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा खेळ. चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिपक्षाने झोंबून अडवायचे. धावणाऱ्याच्या पुढे दणकट खेळाडूंची फळी असते. या 'लाइनमन'नी समोरच्यांना रेटून खिंडार पाडायचे. गुण मात्र धावणाऱ्याच्या नावावर.

स्लेटर यांचा जन्म १८९८ चा, इलिनॉय राज्यातला. वडील धर्मोपदेशक, घरची स्थिती बेताची. शाळेत असताना शिरस्त्राण किंवा बूट यांपैकी एकच घेणे परवडणार होते. मुलाने बूट मागितले, असे सांगतात. पुढे आयोवा विद्यापीठातही ते उघड्या डोक्याने खेळत. ऑक्टोबर १९२१ मध्ये आयोवाने नोटर डेमच्या बलाढ्य संघाला १०-७ असे हरविले. त्या सामन्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात शिरस्त्राणाविना उभे असलेले स्लेटर प्रतिपक्षाच्या अनेकांना एकटे थोपवीत आहेत, आणि गॉर्डन लॉक चेंडू घेऊन पुढे निघाला आहे.

१९२२ ते १९३१ असे दहा हंगाम ते व्यावसायिक लीगमध्ये खेळले. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय लाइनमन. १९२४ साली कॅन्सस सिटीत केवळ वर्णामुळे त्यांना सामन्याबाहेर बसावे लागले. १९३४ ते १९४५ या काळात तर त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. स्लेटर यांनी खेळता खेळताच कायद्याचा अभ्यास केला, १९२८ मध्ये आयोवातूनच पदवी मिळविली, आणि १९४८ साली शिकागोत ते न्यायाधीश म्हणून निवडून आले. एका शहराने ज्यांना मैदानाबाहेर बसविले, त्यांना दुसऱ्या शहराने न्यायासनावर बसविले.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात १९५१ च्या पहिल्याच तुकडीत त्यांची निवड झाली. १९६६ मध्ये ते निवर्तले. व्यावसायिकांच्या कीर्तिमंदिराला मात्र २०२० साल उजाडावे लागले, आणि आयोवाच्या मैदानाला त्यांचे नाव मिळाले ते २०२१ मध्ये.

मित्रहो, सन्मान उशिरा झाला म्हणून कार्य लहान ठरत नाही, हे खरे. परंतु तो उशीर सन्मान करणाऱ्यांचा उणेपणा असतो. आपल्यासाठी खिंडार कोणी पाडले, याची विचारपूस ती माणसे हयात असतानाच करावी, एवढीच माझी विनंती आहे.