मणक्याची शस्त्रक्रिया आणि खरे सांगण्याचे पथ्य
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शस्त्रक्रियेवर बोलण्यासाठी डॉक्टरांऐवजी एका कापड व्यापाऱ्याला उभे केलेले पाहून आपणांस नवल वाटले असेल. मी बी.कॉम. झालेला, चाळीस वर्षे गाठी-ताग्यांच्या हिशेबात रमलेला मनुष्य. परंतु आमच्या घरात मणक्याच्या तीन शस्त्रक्रिया झाल्या. दोन माझ्या मोठ्या बंधूंच्या आणि एक माझी. बंधूंची दुसरी शस्त्रक्रिया कदाचित टळली असती. ती का टळली नाही, हे सांगण्याची अनुमती मी त्यांच्याकडून घेतली आहे.

दापोडे येथील गोदामांत कंबरदुखी कोणाला नवी नाही. हमाल बांधव पाठीवर गाठ वाहतात, आम्ही गादीवर दिवसभर वाकून बसतो. चकती सरकून पायात कळ येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचूनच आराम पडतो. म्हणून गुंतागुंत टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे अनावश्यक शस्त्रक्रिया टाळणे व शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे. मात्र लघवी-शौचावरील ताबा सुटला, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा पायातील शक्ती झपाट्याने जाऊ लागली, तर एक दिवसही दवडू नये.

बंधूंचे दोन मणके स्क्रू व सळ्यांनी स्थिर करून त्यांमध्ये हाड जुळवून आणायचे होते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले, "काही व्यसन?" खोलीत वहिनी होत्या, सूनबाई होत्या. बंधूंनी मान खाली घातली. मी पुढे होऊन म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आम्ही जैन. आमच्या घरी व्यसन नाही." गोदामाच्या मागे ते रोज दहा-बारा सिगारेटी ओढतात, हे मला ठाऊक होते.

वर्ष होत आले तरी हाड जुळले नाही आणि स्क्रू सैल झाला. त्या वेळी डॉक्टरांनी आम्हा सर्वांना बाहेर पाठवून बंधूंना एकट्याने विचारले, तेव्हा खरे बाहेर आले. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नवे हाड धरण्यात अडथळा येतो, असे डॉक्टरांनी समजावले. तेच एकमेव कारण होते असे ते म्हणाले नाहीत. परंतु ठाऊक असते तर आधी सिगारेट सोडवून मगच तारीख दिली असती, असे म्हणाले. घराची अब्रू राखण्यासाठी बोललेल्या माझ्या एका वाक्याची किंमत बंधूंनी चुकविली.

यानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचू लागलो. त्यात डॉ. अतुल गावंडे यांचे कार्य समजले. अमेरिकेत जन्मलेल्या या शल्यचिकित्सकांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, तर आई गुजराती. त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी तयार केली. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले.

या यादीत गूढ असे काही नाही. आपण चलन हाती धरून गाठी मोजून घेतो, तसाच हा प्रकार आहे. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी, असे तीन वेळा सर्वांनी थांबून मोठ्याने विचारावयाचे. प्रतिजैविक गेल्या तासाभरात दिले का? ॲलर्जी आहे का? कापसाचे बोळे व उपकरणे मोजली का? आणि या यादीचा आरंभ रुग्णापासून होतो. आपले नाव, कोणती शस्त्रक्रिया व शरीराच्या कोणत्या भागावर, हे प्रथम रुग्णाने सांगावयाचे असते. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात यादी सर्वत्र लागू केल्यावर असा मोठा फरक दिसला नाही, असे २०१४ सालच्या अभ्यासात आढळले. मला यातून एवढेच कळते की, खुणा केल्याने यादी काम करीत नाही. विचारणाऱ्याने मनापासून विचारावे लागते आणि सांगणाऱ्याने खरे सांगावे लागते.

मणक्याच्या बाबतीत तर हे विशेष महत्त्वाचे. शेजारशेजारचे मणके दिसावयास सारखेच. काही जणांत त्यांची संख्याही वेगळी असते. म्हणून टेबलावरच एक्स-रे काढून नेमका मणका निश्चित करतात. यासाठी आपले जुने एक्स-रे व एमआरआय बरोबर नेणे आवश्यक आहे.

माझी वेळ आली तेव्हा मी एका कागदावर सर्व लिहून नेले. रोजच्या गोळ्या, चूर्णे व काढेसुद्धा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये व लपवूनही घेऊ नये. हृदयात स्टेंट असल्यास दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावे. तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल जोडावा, कारण वाढलेल्या साखरेने जखम चिघळण्याचा धोका वाढतो. दातांचे दुखणे, लघवीतील जळजळ, अंगावरचे गळू क्षुल्लक समजू नये. आदल्या रात्री साबणाने स्नान करावे. पाठीवर घरी वस्तरा फिरवू नये.

आपल्या समाजासाठी एक विनंती. उपवास, आयंबिल, चौविहार यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. मधुमेहाच्या गोळ्या व उपवास यांचा मेळ डॉक्टरांनीच घालावा. जखम भरून येण्यासाठी पुरेशी प्रथिने लागतात. आपल्या आहारात ती डाळी व दूध यांतून मिळतात. मोठे तप प्रकृती सावरल्यावर करता येते. महाराजसाहेबांचेही मार्गदर्शन घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तेव्हा लवकर उठून चालावे, म्हणजे पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. ताप, जखमेतून स्राव, बसताच तीव्र डोकेदुखी किंवा पोटरीला सूज, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. लघवी अडणे, पायात नवी अशक्तता किंवा धाप लागणे, अशा वेळी तर मध्यरात्रीही संकोच न करता रुग्णालय गाठावे.

सर्व काळजी घेऊनही गुंतागुंत होऊ शकते. मानवी शरीर म्हणजे कापडाचा तागा नव्हे. परंतु आपल्या हातातील भाग आपण सोडू नये. आज बंधू काठी घेऊन अर्धा दिवस पेढीवर येतात. सिगारेट सुटली आहे. आपल्या घरातील कोणाची तपासणी असेल, तेव्हा कृपया माझ्यासारखे पुढे होऊन उत्तर देऊ नका. रुग्णाला डॉक्टरांशी काही क्षण एकटे बोलू द्या.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास क्षमस्व. मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.