एआयचं मीटर सुरू झालंय

आजचा भाग हिशेबाचा आहे. गाडीवरून जाताना ऐकत असाल तर आकडे सुटतील, म्हणून नेहमीप्रमाणं इथं लिहूनही देतोय. विषय असा, की कोडिंगला मदत करणारी एआय टूल्स महाग होत चाललीत, आणि त्याचा आपल्यासारख्या छोट्या गावातल्या सॉफ्टवेअरवाल्यांवर काय परिणाम होतोय. माझं स्वतःचं ऑफिस कोल्हापुरात आहे. चौघंजण आहोत. दूध संस्थांचं बिलिंग, पतसंस्थांची थोडीफार कामं आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रींसाठी स्टॉक आणि डिस्पॅचची सॉफ्टवेअरं, यावर आमचं घर चालतं.

आधी जिओ आठवा. ५ सप्टेंबर २०१६ ला आलं तेव्हा सगळं फुकट. पुढच्या मार्चपर्यंत फुकटच होतं. गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा व्हिडिओ बघायला लागली. मग डिसेंबर २०१९ ला दर वाढले, २०२१ ला वाढले, जुलै २०२४ ला पुन्हा वाढले. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा २३९ चा पॅक २९९ ला गेला. तोवर सवय लागलेली. कुणी फोन सोडला का? नाही.

कोडिंगच्या एआयचं तेच झालंय, फक्त जास्त वेगानं. गिटहब कोपायलट जून २०२२ ला सगळ्यांसाठी खुलं झालं, महिना १० डॉलर. वापरा पोटभर. जून २०२५ पासून त्यात मोजणी आली. साधं ऑटो-कम्प्लीशन कितीही घ्या, पण भारी मॉडेल वापरायचं तर तेव्हा महिन्याला ३०० प्रीमियम रिक्वेस्ट ठरल्या, त्यापुढं प्रत्येकी ४ सेंट. आपल्याकडच्या मटण थाळीसारखं बघा. तांबडा-पांढरा कितीही ओरपा, मटणाचे पीस मात्र मोजून.

त्याच महिन्यात कर्सरनं आपला २० डॉलरचा प्लॅन बदलला. आधी महिन्याला ५०० फास्ट रिक्वेस्ट मिळायच्या. त्याऐवजी २० डॉलरचा वापर, तोही मॉडेलच्या मूळ दरानं. लोकांना अनपेक्षित बिलं आली, आरडाओरडा झाला, आणि ४ जुलैला कंपनीनं जाहीर माफी मागून मधल्या काळातल्या अशा बिलांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. क्लॉड कोडवाल्या अँथ्रॉपिकनं २८ ऑगस्ट २०२५ पासून आठवड्याची मर्यादा घातली. त्यांचं म्हणणं, काही लोक ते चोवीस तास चालू ठेवतायत. खरंही असणार. अनलिमिटेड म्हटलं की आपल्यातलाच एखादा भाऊ ताट घेऊन सकाळपासून बसतो.

आता रुपयांत बघू. जून २०२२ ला डॉलर ७८ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं नव्वदी ओलांडली. म्हणजे कंपनीनं एक सेंट न वाढवताही १० डॉलरचे ७८० चे ९०० झाले. २० डॉलरचा प्लॅन १,८०० ला पडतो, त्यावर जीएसटी १८ टक्के धरला की २,१२४. आणि दिवसभर एजंट चालवणाऱ्यांसाठीचा २०० डॉलरचा प्लॅन? १८ हजार, अधिक ३,२४० जीएसटी, एकूण २१,२४०. बँकेचं परकीय चलनाचं मार्कअप त्यावर वेगळं. कोल्हापुरात नव्या पोराला पहिला पगार याहून कमी देणारी ऑफिसं मला माहीत आहेत. हे वाक्य मला आवडत नाही, पण ते खरं आहे.

जीएसटीतही एक मेख आहे. ज्याच्याकडं नोंदणी आहे तो इनपुट क्रेडिट घेतो, त्याला १८ टक्क्यांचं ओझं राहत नाही. पण सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळं घरातून काम करणारे बहुतेक फ्रीलान्सर नोंदणी करतच नाहीत. त्यांना ते १८ टक्के खिशातून जातात. लहान माणसाला तीच वस्तू जास्त महाग. वर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५ हजारांपुढच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे, पण मोठा प्लॅन घेतलेल्याचं काम ओटीपी चुकल्यामुळं महिन्याच्या एक तारखेला अडलेलं मी बघितलंय.

आता तुम्ही म्हणाल, मॉडेल तर स्वस्त होत चाललीत असं सगळीकडं वाचतो. बरोबर आहे. एका टोकनचा दर उतरलाच आहे. पण जीबीचा दर उतरला म्हणून तुमचं मोबाइलचं बिल उतरलं का? रील्स आल्या, डेटा दसपट लागायला लागला. इथंही तसंच. पूर्वी आपण एक प्रश्न विचारायचो, एक उत्तर यायचं. आता एजंट स्वतः फाइल उघडतो, वाचतो, बदलतो, टेस्ट चालवतो, चूक दिसली की परत वाचतो. आणि प्रत्येक पायरीला आधीचं सगळं बोलणं मॉडेलकडं पुन्हा पाठवलं जातं, कारण मॉडेलला स्वतःची आठवण नसते.

एक सोपं गणित करू. समजा सुरुवातीला २० हजार टोकनचा मजकूर गेला, दर पायरीला ३ हजारांची भर पडली आणि काम ३० पायऱ्यांत झालं. एकूण किती टोकन गेले? १९ लाखांच्या वर. क्लॉड सॉनेटचा वाचायचा दर दहा लाखांना ३ डॉलर धरला तर एका कामाचे पाचशेहून जास्त रुपये. आता हे जसंच्या तसं लागत नाही. तोच मजकूर परत पाठवला तर कॅशिंगमुळं त्या भागाला दहावा हिस्सा दर पडतो. पण मॉडेल जे लिहितं त्याचा दर वाचण्याच्या पाचपट आहे, आणि हल्लीची मॉडेल उत्तराआधी बराच वेळ मनातल्या मनात विचार करतात, तो विचारसुद्धा लिहिण्याच्या दरानं लागतो. दिवसाला अशी दहा-बारा कामं केली की मीटर कुठं जातं बघा.

पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कंपनीत हे बिल कंपनी भरते. आमचं दुखणं वेगळं आहे. आम्ही काम ठरवून घेतो एकरकमी. फौंड्रीचं डिस्पॅच सॉफ्टवेअर, अमुक लाख, तीन महिने. त्या तीन महिन्यांत टूलचा प्लॅन बदलला तर फरक आमच्या अंगावर. आणि गिऱ्हाईक काय म्हणतंय? एका मालकांनी मागच्या दिवाळीनंतर चहा पाजता-पाजता मला विचारलं, "काय हो, आता एआय करतंय की सगळं, मग एवढं कसलं कोटेशन?" खर्च वर चाललाय आणि दर खाली ओढला जातोय, त्या दोन्हींच्या मधी आम्ही.

पण उत्तरही मला त्याच फौंड्रीत मिळालं. कास्टिंगचा दर किलोवर ठरतो, आणि पिग आयर्न, स्क्रॅप यांचे भाव वर-खाली झाले की वाहन कंपन्यांबरोबरच्या ऑर्डरीत तो दर ठरावीक मुदतीनं सुधारून घेतात. कच्च्या मालाचा धोका एकट्या फौंड्रीवाल्यानं घ्यायचा नाही, ही रीत त्या धंद्यात मुरलेली आहे. मी मालकांना म्हटलं, "तुमचं लोखंड तसं आमचं टोकन." ते हसले. पण तेव्हापासून आमच्या कोटेशनमध्ये एआयचा खर्च वेगळ्या ओळीत असतो, आणि ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर अर्धा-अर्धा. सगळे मान्य करतात असं नाही. दूध संस्थेला हे समजावणं अवघड जातं, तिथं मी नादच करत नाही.

फौंड्रीतली दुसरी गोष्ट रात्रीची. महावितरणच्या औद्योगिक दरात अनेक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटला सवलत असायची. म्हणून इंडक्शन भट्ट्या रात्री पेटायच्या, कामगार सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी बाहेर पडायचे. आता गंमत ऐका. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकनं आपल्या एपीआयला कमी गर्दीच्या वेळेत सवलत लावली होती, एका मॉडेलला ५० टक्के, दुसऱ्याला ७५. वेळ आपल्या घड्याळानं रात्री १० ते सकाळी ६! तीच पाळी, तोच हिशेब. भट्टी लोखंडाची असो नाहीतर चिपची, शेवटी खर्च विजेचा आणि रिकाम्या बसलेल्या यंत्राचा. ती सवलत सप्टेंबरात बंद झाली. पण ओपनएआय आणि अँथ्रॉपिक दोघांकडंही बॅचनं काम दिलं, उत्तराला २४ तासांपर्यंत थांबायची तयारी ठेवली, तर निम्मा दर लागतो. आम्ही टेस्ट लिहून घेणं, जुन्या कोडची माहिती लिहिणं, रिपोर्टचे मराठी मजकूर तपासणं असली कामं संध्याकाळी टाकून घरी जातो.

घरचं मॉडेल हाही एक मार्ग आहे. क्वेन कोडरसारखी खुली मॉडेल ओलामा टाकून आपल्याच कॉम्प्युटरवर चालतात. १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेला जुना गेमिंग पीसी पुरतो. छोटं फंक्शन, एसक्यूएलची क्वेरी, यासाठी उत्तम. पतसंस्थेच्या खातेदारांची माहिती बाहेर पाठवायचीच नसते, तिथं तर हाच पर्याय. पण वीस फाइलींत पसरलेला गुंता त्याला सुटत नाही. तिथं मटणाचा पीसच लागतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आपल्या भागात दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं. फॅट, एसएनएफ, दरपत्रक, कापलेलं पशुखाद्य, सगळं जुळून रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जाते. त्या पैशावर किराणा, शाळेची फी, बँकेचा हप्ता चालतो. मागं एकदा २० तारखेच्या रात्री एका संस्थेचं म्हशीच्या दुधाचं दरपत्रक बदललं आणि बिल चुकायला लागलं. त्याच रात्री आमच्या टूलची आठवड्याची मर्यादा संपलेली. ज्यादा पैसे भरायला गेलो तर कार्ड चालेना. आमच्याकडं गडहिंग्लजची एक मुलगी आहे, दीड वर्षापूर्वी लागली. तिनं त्या बिलिंगचा कोड पहिल्या महिन्यात वहीत उतरवून काढलेला, कुठला आकडा कुठून येतो त्याचे बाण मारून. तिला एका तासात सापडलं. एसएनएफच्या एका पायरीला दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. सकाळी सातला बिलं निघाली.

दुसरा एक हुशार पोरगा आहे, एजंटकडून काम करून घेण्यात तिच्यापेक्षा वेगवान. त्या रात्री तो नुसता बसून होता. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या वेळी सगळं फुकट मिळत होतं. विद्यार्थ्यांना कोपायलट फुकट, जेमिनायचा प्रो प्लॅन वर्षभर फुकट, चॅटजीपीटी गो ३९९ वरून नोव्हेंबर २०२५ पासून वर्षभर फुकट, जिओबरोबर जेमिनाय १८ महिने, एअरटेलबरोबर पर्प्लेक्सिटी. केआयटीत, डी. वाय. पाटीलमध्ये, विद्यापीठात शिकणारी पोरं आत्ता या फुकटच्या मोसमात आहेत. मोसम संपेल तेव्हा ती नोकरी शोधत असतील, आणि त्यांना घेणारा मालक माझ्यासारखा असेल. तो विचारेल, तुला रोजचं किती टोकन लागतं?

वापरू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः रोज वापरतो. फक्त मोजा. मीटर या अमेरिकेतल्या संस्थेनं जुलै २०२५ मध्ये एक अभ्यास छापला. नावच मीटर, योगायोग बघा! १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं. एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं आपण २० टक्के वेगानं केलं. हा आकडा सगळ्यांना लागू नाही, टूल्सही तेव्हापासून सुधारली. पण वाटणं आणि असणं यात एवढा फरक पडू शकतो, एवढं तरी त्यातून कळतं.

आम्ही जानेवारीपासून भिंतीवर एक कागद लावलाय. काम, लागलेला वेळ, एआयचे रुपये, आणि नंतर त्यात निघालेल्या चुका. नवीन स्क्रीन बनवायला एआय स्वस्त पडतं, यात वादच नाही. जुन्या बिलिंगला हात लावायचा तर त्या मुलीचा तास स्वस्त पडतो. तिचा पगार मी वाढवला, आणि त्यासाठी मोठा प्लॅन बंद करून चौघांत दोन छोटे ठेवले.

तुमचं मागच्या महिन्याचं बिल किती आलं आणि त्यातून कुठलं काम निघालं, ते दोन्ही मला कळवा. कंपनीचं नाव नको, गिऱ्हाइकाचंही नको, नुसते आकडे. वीस-पंचवीस जणांचे आले की पुढच्या भागात एकत्र मांडून बघू.