शब्दांचे जाळे आणि यंत्राची समज



कपाशीवर फवारायच्या कीटकनाशकाला यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी ‘औषध’ म्हणतो. दवाखान्यातून लेकरासाठी आणलेल्या गोळीलाही तो ‘औषध’च म्हणतो. २०१७ च्या खरीप हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा या सौम्य शब्दाआडचे विष साऱ्या राज्याला दिसले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. ती एका शब्दाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु यंत्राने शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत सल्ला द्यावा, अशी अपेक्षा आज केली जाते. तेव्हा हा शब्द यंत्राला कसा कळावा, हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम करताना डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९८५ मध्ये इंग्रजीसाठी ‘वर्डनेट’चे काम आरंभिले होते. त्याच धर्तीवर पवई येथे प्रथम हिंदीचे आणि मग त्याच्या आधाराने मराठीचे शब्दजाल विणले गेले.

शब्दकोशात शब्द अकारविल्हे लागतात. येथे ते नात्याने लागतात. एकाच अर्थाच्या शब्दांचा एक संच करावयाचा आणि प्रत्येक संचाला त्याचे घराणे द्यावयाचे. कपाशी हे पीक, पीक ही वनस्पती, वनस्पती हा सजीव. आणि बोंड हा कपाशीचा अवयव. संकल्पनांच्या अशा वंशावळीलाच संगणकशास्त्रात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. ‘पाते’ हा शब्द घ्या. चाकूचे पाते वेगळे, गवताचे वेगळे, डोळ्याचे वेगळे, आणि पावसाच्या उघडिपीने गळणारे कपाशीचे पाते तर साऱ्यांहून वेगळे. जाळ्यात या शब्दाला चार ठिकाणी बसवावे लागते. ‘औषधा’चेही तसेच : एक उपचाराच्या घराण्यातले, दुसरे विषाच्या.

मात्र समोरच्या वाक्यातले औषध यांपैकी कोणते, हे नुसते जाळे सांगत नाही. त्यासाठी यंत्राला उदाहरणे द्यावी लागतात. जाणकार माणसे हजारो वाक्यांतील शब्दांवर योग्य अर्थाची खूण करतात आणि त्या खुणांवरून यंत्र शिकते. हे काम अत्यंत वेळखाऊ व खर्चाचे आहे. प्रत्येक भाषेत ते नव्याने करणे परवडणारे नाही. हिंदी आणि मराठीची जाळी संचागणिक एकमेकांना जोडलेली असल्याने हिंदीत शिकलेले मराठीच्या कामी आणता येते, हे भट्टाचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासूनच्या संशोधनातून दाखविले. थोरल्या भावाची पुस्तके धाकट्याने वापरावीत, तसाच हा प्रकार!

या प्रयोगांसाठी निवडलेले विषय मात्र पर्यटन आणि आरोग्य हे होते. आरोग्यविषयक मजकुरात औषध म्हणजे रोग्याचे औषध. तेवढेच वाचून शिकलेल्या यंत्रापुढे ‘औषध अंगावर सांडले’ हे फवारणी करणाऱ्या मजुराचे वाक्य आले, तर ते भलत्याच घराण्यात जाण्याचा संभव अधिक. त्यावर उपाय एकच, शेतीतल्या बोलीची वाक्ये गोळा करून त्यांवर खुणा करणे. ते पवईत बसून साधणारे नाही. पऱ्हाटीच्या तासात उभ्या असलेल्या माणसाची भाषा तेथे ऐकू येत नाही.

२०१० मध्ये जगापुढे मांडलेल्या ‘इंडो-वर्डनेट’ या संयुक्त जाळ्यात संस्कृत आहे, कोकणी आहे, बोडो आहे. मारेगाव, केळापूर, झरी-जामणी या तालुक्यांतील कोलाम बांधवांची कोलामी त्यात नाही. या द्राविडी भाषेवरचा एम. बी. एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. पण फवाऱ्यातल्या औषधाला कोलामीत काय म्हणतात, हे आजही पोडावर जाऊनच विचारावे लागते.