पुठ्ठ्याची घडी आणि पुस्तकांची मांडणी : अल्पखर्चिक तंत्रज्ञानाचा एक वस्तुपाठ

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ



समुचित तंत्रज्ञान, भांडवलाची टंचाई, संधी खर्च, चक्रीय अर्थव्यवस्था हे शब्द आपल्या अभ्यासक्रमात वारंवार येतात. त्यांच्या व्याख्या आपल्याला पाठ असतात. परंतु त्या एखाद्या प्रत्यक्ष वस्तूला लावून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. आज अशीच एक साधी वस्तू मी विचारासाठी घेणार आहे. पुस्तके फळीवर मांडायची, तर त्या फळीला आधार हवा. तो लाकडाचा, लोखंडाचा किंवा विटांचा असू शकतो. रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी घालूनही तो करता येतो. असा आधार किती भार पेलेल, किती काळ टिकेल आणि तो खरोखरच स्वस्त पडेल का, या तीन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

पुस्तके कुलपात का राहतात?

विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. समग्र शिक्षा अभियानात २०१८ पासून शासकीय शाळांच्या ग्रंथालयांसाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. पुस्तके येतात, मात्र ती मांडण्याची सोय नसेल, तर ती लोखंडी कपाटात कुलूपबंद होतात किंवा गठ्ठे बांधून कोपऱ्यात पडून राहतात. पुस्तक हरवले तर नोंदवहीत त्याचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून कुलूप अधिक सुरक्षित वाटते. अशा स्थितीत पुस्तकांवरचा खर्च होतो, पण वाचन होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत ही निष्क्रिय भांडवलाची अवस्था होय.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे मांडली. पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते, हा त्यांतील पहिल्या सूत्राचा आशय आहे. त्याच वर्षी तेव्हाच्या मद्रास प्रांतातील मन्नारगुडी येथे बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. पुस्तकांची मांडणी हलकी, उघडी आणि वाचकाच्या हाताशी असावी, ही गरज म्हणजे काही आजची नवी गोष्ट नव्हे.

आपलाही यात संबंध आहे. पुण्यात काय किंवा दिल्लीत काय, परीक्षेच्या तयारीसाठी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याजवळ पुस्तके भरपूर, जागा थोडी आणि खोली बदलण्याची वेळ केव्हाही येणारी. अवजड कपाट त्याच्या उपयोगाचे नसते.

घडीतून येणारे बळ

ज्याला बाजारात कोरुगेटेड पुठ्ठा म्हणतात, त्याच्या दोन सपाट कागदांमध्ये एक पन्हळदार कागद चिकटवलेला असतो. अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ मध्ये काचेच्या बाटल्या गुंडाळण्यासाठी अशा पन्हळदार कागदाचे पेटंट घेतले. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागदाचे अस्तर जोडले. पुढे न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर यांनी पुठ्ठा कापणे आणि घडीची रेघ पाडणे ही दोन्ही कामे एकाच यंत्रावर आणली आणि सपाट पाठवता येणारे, हव्या त्या ठिकाणी उभे करता येणारे खोके सर्वत्र पोहोचले.

या इतिहासातले तत्त्व असे, की येथे बळ द्रव्यात कमी आणि आकारात अधिक आहे. कागदाचा सपाट ताव उभा राहत नाही. त्याचीच घडी घालून नळी केली, की तो उभा राहतो आणि वर ठेवलेली वहीही पेलतो. कागद तितकाच आहे, फक्त त्याची रचना बदलली. म्हणजे आपण द्रव्याच्या जागी ज्ञान वापरले. भांडवल ज्या देशात महाग असते, तेथे ही अदलाबदल मोलाची ठरते. ई. एफ. शूमाखर यांनी १९७३ साली ‘स्मॉल इज ब्युटिफुल’ या ग्रंथातून अशा विचाराला जगभर वाचक मिळवून दिला आणि १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण तंत्रज्ञानाचा ‘अस्त्र’ हा उपक्रम सुरू झाला.

भाराचे गणित

आता प्रत्यक्ष हिशेब करू. पुस्तके २२ सेंटिमीटर उंच आणि १४ सेंटिमीटर रुंद आहेत असे धरले, तर एक मीटर लांबीच्या रांगेचे आकारमान सुमारे ३० हजार ८०० घन सेंटिमीटर होते. कागदाची घनता ०.८ धरल्यास वजन साधारण २५ किलो भरते. फळीचे वजन मिळवून आपण २९ किलो धरू.

एका आधारासाठी ६५ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर उंच असा तीन पदरी पुठ्ठ्याचा तुकडा घ्यावा. त्याला चार घड्या घालून २२ बाय ८ सेंटिमीटरची आयताकृती नळी करावी. उरलेले पाच सेंटिमीटर चिकटवण्यासाठी. तिचा परीघ ६० सेंटिमीटर, वजन सुमारे ८० ग्रॅम.

खोक्याची भार पेलण्याची शक्ती काढण्यासाठी १९६३ मध्ये मांडले गेलेले मॅकी यांचे सूत्र आजही वापरले जाते. पुठ्ठ्याच्या कडेची दाब सोसण्याची शक्ती, गुणिले परीघ आणि जाडी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, गुणिले ५.८७, असे त्याचे स्वरूप आहे. कडेची शक्ती मीटरला ३ हजार न्यूटन आणि जाडी ४ मिलिमीटर धरली, तर उत्तर सुमारे ८६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ८८ किलो येते.

हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. तो कोरड्या प्रयोगशाळेत, थोड्या वेळेपुरत्या दिलेल्या दाबाचा आहे. पावसाळी दमट हवेत पुठ्ठ्याची शक्ती निम्म्यापर्यंत उतरू शकते. शिवाय सतत भार राहिला, तर पुठ्ठा हळूहळू दबत जातो. या दोन्ही कारणांसाठी दोनदा निम्मे केले, तर हाती २२ किलो उरतात. मांडणीचा आराखडा याच आकड्यावर बेतावा.

फळीला दोन टोकांना दोन आधार दिले, तर प्रत्येकावर सुमारे साडेचौदा किलो भार येईल. तो मर्यादेत आहे, परंतु फळी मध्ये झुकेल. सारख्या पसरलेल्या भाराखाली फळीचा झुकाव आधारांमधील अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. अंतर निम्मे केले, की झुकाव सोळाव्या भागाच्या आसपास येतो. म्हणून मध्ये तिसरा आधार हवा. मात्र अखंड फळीखाली मधल्या आधारावर एकूण भाराचा पाच अष्टमांश, म्हणजे सुमारे १८ किलो भार येतो. तोही मर्यादेतच आहे. अडीचशे ग्रॅमपेक्षा कमी पुठ्ठा जवळपास तीस किलो भार पेलतो, हे घडीचे सामर्थ्य. पण वर आणखी एक भरलेली फळी चढवली, तर मधला आधार ३६ किलोंवर जाईल आणि आपली मर्यादा ओलांडली जाईल. अशा वेळी खालचे आधार पाच पदरी पुठ्ठ्याचे करावेत आणि मधल्या नळीत आडवा पडदा घालावा.

आधार कसा घडवावा?

पुठ्ठ्यातील पन्हळी नेहमी उभ्या असाव्यात. त्या आडव्या राहिल्या, तर तोच पुठ्ठा सहज चेपतो. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून बोथट टोकाने रेघ दाबून घ्यावी. पुठ्ठा कापला जाता कामा नये. नळीचे वरचे व खालचे काठ काटेकोर सरळ असावेत, कारण काठ वाकडा असेल तर सारा भार एका कोपऱ्यावर येतो. सर्वांत खालची फळी विटांवर ठेवावी, म्हणजे फरशी पुसताना पुठ्ठ्याला पाणी लागत नाही. भिंतीपासून चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे ओल आणि वाळवी या दोहोंवर लक्ष राहते. उंची छातीच्या वर नेऊ नये आणि वरची फळी भिंतीला बांधून घ्यावी. दिवा, शेगडी किंवा विजेचे उघडे जोड यांच्या जवळ ही मांडणी मुळीच नसावी.

स्वस्त म्हणजे नेमके काय?

खरेदीची किंमत आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ उदाहरणासाठी काही आकडे घेऊ. लोखंडी मांडणी ५ हजार रुपयांची असून १५ वर्षे टिकते. दुसऱ्या बाजूला फळ्यांना १ हजार ५०० रुपये पडतात आणि त्या १० वर्षे टिकतात. पुठ्ठ्याच्या आधारांना मजुरीसह ३०० रुपये पडतात आणि ते २ वर्षे टिकतात. व्याजदर १० टक्के धरून वार्षिक खर्च काढला, तर लोखंडी मांडणीचा सुमारे ६५७ रुपये येतो. फळ्यांचा २४४ आणि आधारांचा १७३ मिळून ४१७ रुपये होतात. पुठ्ठा स्वस्त ठरला.

आता हेच आधार सहा महिन्यांतच ओलीने बसले असे समजा. आधारांचाच वार्षिक खर्च सहाशेच्या वर जातो, एकूण खर्च साडेआठशे ओलांडतो आणि लोखंड स्वस्त ठरते. या उदाहरणात आधार साधारण दहा महिने टिकला, तरच पुठ्ठ्याची निवड शहाणपणाची ठरते. थोडक्यात, आधाराने एक पावसाळा काढला पाहिजे. कोकणातील शाळेला आणि मराठवाड्यातील शाळेला म्हणूनच एकच उत्तर देता येत नाही. समुचित तंत्रज्ञानातील ‘समुचित’ या शब्दाचा अर्थ हाच.

संधी खर्चाचाही विचार करावा. सुरुवातीला ५ हजारांऐवजी १ हजार ८०० रुपये लागले, तर ३ हजार २०० रुपये हाती राहतात. सरासरी ८० रुपये किंमत धरली, तर ती ४० पुस्तके झाली. छोट्या शाळेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

वापरलेले खोके घेतल्यास आणखी एक लाभ मिळतो. वस्तूचा पुनर्वापर हा तिच्या पुनर्चक्रीकरणाच्या आधी येतो. आधार निकामी झाला तरी तो रद्दीत जातो आणि त्यापासून पुन्हा कागद होतो. मात्र त्यावर प्लॅस्टिकचा थर चढवला, तर ओलीपासून संरक्षण मिळते, पण रद्दीचे मोल घटते. कराची बाजूही लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर क्राफ्ट कागदावरील कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. तयार मालावर कमी आणि कच्च्या मालावर अधिक कर, या उलट्या कररचनेचे हे ताजे उदाहरण आहे.

भारतातील काही अनुभव

भूजच्या २००१ मधील भूकंपानंतर जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी तेथे कागदी नळ्यांच्या भिंतींचे निवारे उभारले. पायासाठी पडलेल्या घरांचा राडारोडा आणि छपरासाठी बांबू वापरला. मुंबईच्या ‘आरंभ’ या स्वयंसेवी संस्थेने २०१४ मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून दप्तर आणि बसून लिहिण्याचे मेज अशी दुहेरी वस्तू तयार केली. जमिनीवर वाकून लिहिणाऱ्या मुलांना तिने आधार दिला. २०२० मध्ये दिल्लीतील छतरपूर येथील मोठ्या कोविड केंद्रात पुठ्ठ्याच्या खाटा वापरण्यात आल्या. या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. गरज तातडीची होती, पैसा किंवा वेळ थोडा होता आणि वस्तू कायम टिकावी अशी अपेक्षा नव्हती.

यातूनच पुठ्ठ्याच्या आधाराची योग्य जागा ठरते. ज्या ग्रंथालयाला पक्की मांडणी मिळू शकते, त्याला ती मिळालीच पाहिजे. पुठ्ठा हे शासनाने आपली जबाबदारी टाळण्याचे निमित्त होऊ नये. पण पक्की मांडणी येईपर्यंतची दोन वर्षे पुस्तके गठ्ठ्यात ठेवणे हाही एक निर्णयच आहे आणि त्याची किंमत त्या दोन वर्षांत शाळेतून बाहेर पडणारी मुले मोजतात. तात्पुरता आधार या मधल्या काळासाठी आहे.

मित्रहो, उद्या प्रशासनात गेल्यावर आपल्यापुढे अनेक स्वस्त योजना येतील. त्या प्रत्येकीला आजचे तीन प्रश्न विचारा : भार किती, काळ किती आणि दर वर्षाचा खर्च किती? उत्तरे समाधानकारक असतील, तर साधन साधे आहे म्हणून ते नाकारू नका. आणि नसतील, तर केवळ स्वस्त आहे म्हणून ते स्वीकारू नका.