निकाल दुसऱ्यांदाही तोच येतो का?



दहावीचा निकाल लागला की आपल्या भागात तेर असो, ढोकी असो, कळंब असो, घरोघरी एकच प्रश्न असतो: आता लेकराला कुठं घालायचं? सायन्स, आयटीआय की डिप्लोमा? याचं उत्तर छापून देणारेही आता गावोगाव फिरतात. मुलाच्या बोटांचे ठसे घेतात आणि रंगीत अहवाल हातात ठेवतात. मुलगी डॉक्टर होईल, मुलगा कलेकडं वळेल, असं त्यात लिहिलेलं असतं. आईबाप त्यासाठी पदरमोड करतात. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून स्पष्ट सांगते. ठशांवरून बुद्धी किंवा कल ओळखता येतो याला शास्त्रीय पुरावा नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंही तसं जाहीर केलेलं आहे.

मग तो अहवाल वाचताना खरा का वाटतो? १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. वर्णन कितपत जुळतं, याला मुलांनी पाचपैकी सरासरी सव्वाचार गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता! पुढं कितीतरी जणांनी हा प्रयोग करून पाहिला आणि निकाल तसाच येत राहिला. म्हणून तो मी वर्गात निःशंक मनानं शिकवते.

सगळ्याच प्रयोगांचं असं नाही. ब्रायन नोसेक आणि त्यांच्याबरोबरच्या अनेक संशोधकांनी मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास नव्यानं केले आणि २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेले होते. पुन्हा केल्यावर उतरले ते ३६ टक्के. आमच्या प्राध्यापकांच्या खोल्यांमध्ये त्यावर अजून वाद चालतात. कुणी म्हणतं, माणसं बदलली, काळ बदलला. मला ते पुरेसं वाटत नाही. मोजक्या मुलांवर केलेले प्रयोग, नवं आणि चमकदार तेवढंच छापणारी नियतकालिकं, आणि न जुळलेले निकाल कपाटात टाकायची आमची सवय, ही कारणं मोठी आहेत.

आपलं काम पुन्हा तपासून दुसऱ्यानं चूक दाखवली म्हणजे अपमान झाला असं अनेकांना वाटतं. तेरच्या लोकांना तरी तसं वाटायला नको; त्यांच्या गावाची जुनी ओळख अशा तपासण्यांतूनच पक्की झाली. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं नगर असल्याचं लिहिलं आहे. तिथलं कापड भडोचच्या बंदराला जाई. हे तगर कोणतं? कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवलं. १९०१ साली इतिहास अभ्यासक फ्लीट यांनी तेरचं नाव मांडलं. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स तेरला येऊन अवशेष पाहून गेले. पुढं पुरातत्त्वज्ञ चापेकर आणि इतरांनी उत्खननं केली. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू जिवापाड जपल्या. वेगवेगळ्या हातांनी तपासून नाव टिकलं. धारूर मागं पडलं म्हणून भांडारकरांचा मोठेपणा तसूभरही कमी झाला नाही.

मुलांच्या भवितव्याबद्दल बोलताना मात्र आपण एवढं थांबत नाही. समोरचा गोड पदार्थ खायला जे लहान मूल थोडं थांबतं ते पुढं यशस्वी होतं, हा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा निष्कर्ष पालकसभांमध्ये अजून सांगितला जातो. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. संबंध दिसला, पण मूळच्या निम्माच, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तोही बराच आटला. सोयाबीन हातचं गेलेल्या वर्षी घरातल्या लेकरानं मिळालेला घास लगेच खाल्ला, तर त्याला मी उतावळं म्हणणार नाही.

राज्य सरकारनं २०१६ पासून दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली, तो हेतू चांगला होता. पण पंधराव्या वर्षी निघालेला कल सतराव्या वर्षी तोच राहतो का? चाचणी कुणाच्या मुलांवर तयार केली, शहरातल्या की आपल्याकडच्या? कोणतीही चाचणी समोर आली की पालकांनी हे प्रश्न विचारावेत. उत्तर न देणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

आता मानसशास्त्र घेऊन एम.ए. करणाऱ्यांशी दोन शब्द. प्रबंधाला "नवीन विषय आणा" असं आम्ही मार्गदर्शकच सांगतो. ही अट आम्ही सोडायला हवी. समुपदेशक व्हा, शिक्षक व्हा किंवा संशोधनात जा; आधी दुसऱ्यानं केलेला एक अभ्यास इमानानं पुन्हा करून पाहा. तेरच्या शाळेतल्या नववीच्या मुलांना, पालकांची आणि शाळेची परवानगी घेऊन, एखादी अभिरुची चाचणी द्या. काय तपासणार ते आधीच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच मुलांना तीच चाचणी द्या आणि दोन्ही निकाल शेजारी मांडा. जुळले नाहीत तरी प्रबंध तसाच सादर करा. त्याला पूर्ण गुण देणं ही आमची जबाबदारी आहे.