संघनिवडीचा वाद आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, लोकमान्य किंवा मराठी रंगभूमी यांवर बोलावे असा आपल्याकडील रिवाज आहे. मी निवडलेला विषय त्या मानाने हलका वाटेल. परंतु गेली काही वर्षे आपल्या मंडळात गणपतीची आरती संपून प्रसाद हाती पडला की ज्या विषयावर सर्वांत मोठ्या आवाजात बोलले जाते, त्याला व्यासपीठावर एकदा तरी स्थान मिळावे असे मला वाटले. तो विषय म्हणजे लखनौच्या क्रिकेट संघात कोणाला घेतले, कोणाला सोडले, आणि त्यात आपले किती, हा.

संघनिवडीवर वाद घालणे ही मराठी घराची जुनी खोड आहे. दादरच्या चाळीत वाढलेल्या पिढीला पद्माकर शिवलकर हे नाव उच्चारले की अजून हळहळ वाटते. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेणाऱ्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला भारताकडून एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही, कारण त्याच काळी त्याच जागेवर बिशनसिंग बेदी उभे होते. २०२५ च्या मार्चमध्ये शिवलकर निवर्तले, तेव्हा हा वाद पुन्हा एकदा घरोघर रंगला. अमोल मुजुमदार यांची कथाही तीच. पदार्पणातच मुंबईकडून २६० धावा, कारकीर्दीत अकरा हजारांहून अधिक धावा, आणि भारताची टोपी मात्र नाही. तेच मुजुमदार २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक होते. निवड समितीने मिटलेले दार आयुष्य कधी कधी दुसऱ्या बाजूने उघडते, ते असे.

आपल्या या लखनौलाही हा वाद नवा नाही. १९५२ च्या ऑक्टोबरात गोमतीकाठी विद्यापीठाच्या मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांच्यातील दुसरा कसोटी सामना झाला. आधीच्या दिल्लीच्या सामन्यात विनू मंकड यांनी १३ बळी घेतले होते. लखनौच्या सामन्यात मंकड नव्हते आणि आपल्या सांगलीचे विजय हजारेही नव्हते. फजल महमूदने १२ बळी घेतले आणि भारत एक डाव ४३ धावांनी हरला. पुढच्या मुंबईच्या सामन्यात दोघेही परतले, हजारे यांनी नाबाद १४६ धावा केल्या आणि भारत १० गडी राखून जिंकला. संघात कोण आहे आणि कोण नाही यावर सामन्याचे पारडे किती फिरते, याचा इतका ढळढळीत धडा क्वचितच मिळतो. म्हणून या वादाला मी रिकामपणाचा उद्योग म्हणणार नाही.

मात्र आता निवडीची रीत पालटली आहे. पूर्वी पाच जण बंद खोलीत बसून यादी काढीत. आता इंडियन प्रीमियर लीगमध्ये भर सभेत, कॅमेऱ्यांसमोर, बोली लागते. २०२१ च्या ऑक्टोबरात ७,०९० कोटी रुपयांना लखनौचा संघ विकला गेला. त्यानंतर लिलावापूर्वीच तीन खेळाडू निवडून घेण्याची सवलत नव्या संघांना मिळाली होती, आणि २०२२ च्या जानेवारीत लखनौने के. एल. राहुलला १७ कोटी, मार्कस स्टॉइनिसला ९ कोटी २० लाख व रवी बिश्नोईला ४ कोटी देऊन घेतले. पहिली दोन वर्षे संघ साखळीत तिसरा आला. पुढील दोन वर्षे सातवा. साहजिकच वादांना भरती आली.

हे वाद ऐकताना असे जाणवते की आकडे सर्वांना तोंडपाठ असतात, पण ते आकडे कसे ठरतात हे ध्यानात घेण्यास फारसे कोणी थांबत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाह येथे झालेल्या लिलावात ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी रुपये दिले. तोपर्यंत एवढी रक्कम या स्पर्धेत कोणालाच मिळाली नव्हती. वस्तुतः लखनौची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली होती. दिल्लीने तेथे आपला खेळाडू तेवढ्याच रकमेत परत मागण्याचा हक्क बजावला. अशा वेळी बोली लावणाऱ्याला रक्कम वाढविण्याची एक, आणि एकच, संधी मिळते. लखनौने एकदम २७ कोटी म्हटले आणि दिल्लीने माघार घेतली. म्हणजे वरचे सव्वासहा कोटी पंतच्या फलंदाजीचे मोल नव्हते. प्रतिपक्षाला गप्प करण्यासाठी मोजलेली ती किंमत होती. ‘पहले आप’ म्हणणाऱ्या या नगरीने त्या दिवशी ‘पहले हम’ म्हटले, एवढेच. प्रत्येक संघाला एकूण १२० कोटी खर्चावयाचे होते; लखनौने पाच जुन्या खेळाडूंवर ५१ कोटी आधीच खर्चले होते. उरलेल्या ६९ मधून २७ गेल्यावर बाकी सारा संघ ४२ कोटींत उभा करावयाचा होता. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या आपल्या भगिनींना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. वाद घालावयाचा तर तो या वहीवर घालावा. गोलंदाजांसाठी काय उरले, कोणी जायबंदी झाल्यास बदली कोण, हे प्रश्न योग्य होत.

याउलट २०२५ च्या हंगामात आपण काय केले? पंतला २७ कोटींच्या तराजूत घातले. शेवटच्या सामन्यापर्यंत त्याच्या १५१ धावा झाल्या होत्या, आणि एका धावेला सुमारे १८ लाख असा हिशेब शाळकरी मुलेही करू लागली. २७ मे रोजी आपल्या इकाना मैदानावर त्याने नाबाद ११८ धावा केल्या आणि भाव एकदम १० लाखांवर उतरला! त्याच सामन्यात लखनौच्या गोलंदाजाने चेंडू टाकण्याऐवजी पलीकडच्या टोकाच्या फलंदाजाला धावबाद करण्याचा प्रयत्न केला. कर्णधार पंतने ते अपील मागे घेतले. तो फलंदाज नाबाद ८५ धावा करून बंगळूरला जिंकून देऊन गेला. अपील मागे घेण्याच्या त्या कृतीची किंमत कोणत्या लिलावात धरली होती? माणसाला त्याच्या किमतीने मोजू लागलो की त्याचे अपयश तेवढे दिसते, त्याचे माणूसपण दिसत नाही. आपण बहुतेक नोकरदार आहोत. आपल्या वेतनाला आपल्या कामाने भागून कोणी चारचौघांत भाव काढला, तर आपल्याला कसे वाटेल याचा विचार व्हावा.

तो ८५ धावांचा फलंदाज म्हणजे अमरावतीचा जितेश शर्मा. विदर्भाच्या या मुलाने लखनौला लखनौत हरविले, तेव्हा आपल्यातील अनेकांची जी द्विधा अवस्था झाली तिच्यापाशीच मला यावयाचे होते. मुले निळा अंगरखा घालून हिरमुसली बसली होती आणि वडीलधारी मंडळी ‘आपल्या वऱ्हाडचा आहे हो!’ म्हणून हळूच सुखावत होती. मुलांनी विचारले, ‘आजोबा, आपण कोणाकडून?’ प्रश्न साधा होता. उत्तर मात्र पन्नास वर्षे जुन्या मंडळालाही चटकन सुचले नाही.

आपण यादीत आडनावे शोधतो. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्राचा अर्शिन कुलकर्णी २० लाखांत लखनौच्या संघात आला, तेव्हा आपल्याला आनंद झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात मुंबईकडून अर्जुन तेंडुलकर लखनौकडे आला, तेव्हा तर जणू आपल्याच घरी पाहुणा येणार होता. १९९४ च्या जानेवारीत के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर त्याच्या वडिलांनी श्रीलंकेविरुद्ध १४२ धावा केल्या होत्या, हे सांगताना आजही येथील जुन्या मंडळींचा कंठ दाटतो. हा आनंद स्वाभाविक आहे. मी तो हिरावून घेऊ इच्छीत नाही.

परंतु याची दुसरी बाजू पाहावी. भदोहीजवळच्या सुरियावाँहून एक मुलगा मुंबईस गेला, आझाद मैदानावरील तंबूत राहिला आणि वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईकडून एकदिवसीय सामन्यात द्विशतक करून बसला. त्या यशस्वी जयस्वालला आपण उत्तर प्रदेशचा म्हणतो काय? ज्याचे कुटुंब मूळचे गाझीपूरचे, त्या सूर्यकुमार यादवला आपण मुंबईकर म्हणूनच ओळखतो. त्यांच्या बाबतीत आपण आडनाव विचारीत नाही. घाम कोठे गाळला हे विचारतो. लखनौच्या क्रीडा वसतिगृहात घडलेला सुरेश रैना चेन्नईकरांनी आपला मानला, तोही याच न्यायाने. मग हाच न्याय लखनौत राहणाऱ्या आपल्या मुलांना लागू व्हावा, अशीच आपली अपेक्षा असणार.

येथे, मित्रहो, खेळाचा प्रश्न संपतो आणि आपला सुरू होतो. आपल्यापैकी कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी उद्या उत्तर प्रदेशाच्या निवडचाचणीला जाईल. गोमतीनगरात वाढलेले, हिंदीतून भांडणारे आणि मराठीतून रडणारे ते मूल, निवडकर्त्यांसमोर उभे राहील. त्या वेळी कोणी त्याच्या गोलंदाजीऐवजी त्याचे आडनाव वाचू लागला, तर आपण त्याला अन्याय म्हणू आणि ते योग्यच होईल. पण मग आपल्या बैठकीत आपण रोज आडनावेच मोजीत असू, तर त्या अन्यायाला आपली भाषा आपणच पुरविली असे होणार नाही काय? मुले आपले बोलणे ऐकत असतात.

या नगरीने आपल्याला निराळा धडा दिला आहे. १९२६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने येथे मॅरिस कॉलेज निघाले. तेथे मुंबईचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य झाले आणि त्यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे या शहराला दिली. लखनौच्या रसिकांनी त्यांचा गळा पारखला, गाव नव्हे. भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आज लखनौचे भूषण म्हणून उभे आहे, आणि त्यात परके असे काही कोणास वाटत नाही.

आणखी एक उदाहरण देऊन संपवितो. पालघरचा शार्दूल ठाकूर २०२४ च्या लिलावात उभा राहिला आणि त्याच्यावर कोणीही बोली लावली नाही. भारताकडून कसोटी खेळलेल्या माणसाचे नाव पुकारले जावे आणि सभागृह शांत राहावे, हा प्रसंग मोठा कठीण. पुढे लखनौचा मोहसिन खान, जो याच प्रांताचा, तो जायबंदी झाला आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या जागी दोन कोटींत शार्दूलला बोलावणे आले. काही दिवसांतच हैदराबादेत ३४ धावांत ४ बळी घेऊन त्याने लखनौला विजय मिळवून दिला. या स्पर्धेतील त्याचा शंभरावा बळीही त्याच दिवशी पडला. हंगाम संपला आणि त्या नोव्हेंबरात तो मुंबईकडे गेला. एका मोसमापुरता आलेला हा माणूस. पण तेवढा काळ तो पूर्णपणे लखनौचा होता.

माझ्या खात्यात बदल्यांची यादी निघते तेव्हा असेच होते. आपण यादीतून येथे आलो. कोणी तीन वर्षांसाठी आले आणि गेले, कोणी तीस वर्षे राहिले. या मंडळाची पन्नास वर्षे अशाच येत्या-जात्या माणसांनी उभी केली आहेत. जो जितका काळ होता, तितका काळ त्याने सतरंज्या घातल्या, वर्गणी गोळा केली, मुलांना मराठी शिकविले. त्याचे मूळ गाव कोकणात की खानदेशात, हे कोणी विचारले नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढील यादी निघेल तेव्हा वाद अवश्य घाला. वादावाचून खेळाला आणि मराठी माणसाला गोडी नाही. संघाला काय हवे होते ते पाहा, मिळालेल्या माणसाला एक हंगाम द्या, आणि ज्याच्यावर बोली लागली नाही त्याचे नाव विसरू नका. आणि नातवाने विचारले की ‘आपण कोणाकडून?’, तर त्याला निःशंक सांगा, ‘बाळ, आपण लखनौकडून. समोरचा आपल्या अमरावतीचा असला तर त्याच्या चौकाराला टाळी वाजवायची, आणि सामना मात्र आपण जिंकायचा.’