फुलांची मूठ आणि तिच्यामागचे हात



कामगार चळवळीतल्या माणसाने बायकांच्या शृंगारावर बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. परंतु शृंगाराची वस्तूही कुणीतरी घडवतो, आणि घडवणाऱ्याची चौकशी करणे हे तर आमचे नित्याचे काम.

आपल्याकडे गजरा माळला की हात मोकळे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समधल्या श्रीमंत स्त्रिया मात्र नाचाच्या समारंभाला ताज्या फुलांचा लहान गुच्छ हाती धरून जात. त्याआधीच्या शतकात पाणी भरलेली चिमुकली कुपी पोशाखाच्या गळ्याशी खोचून तीत फुले ठेवीत. पुढे गुच्छासाठी खास मूठ निघाली. इंग्रज तिला पोझी होल्डर म्हणत, फ्रेंच पोर्त-बूके. आकार नरसाळ्यासारखा निमुळता. तोंडात देठ खोचायचे आणि ते निसटू नयेत म्हणून बाजूने टाचणी आरपार घालायची. मुठीला साखळी, साखळीला अंगठी. नाचताना अंगठी बोटात घातली की गुच्छ लोंबता राही आणि हात जोडीदाराच्या हाती देता येई. काही मुठींना स्प्रिंग असे. कळ दाबताच तीन पाय उघडून ती टेबलावर उभी राही. कारागिरी खरोखर वाखाणण्याजोगी!

श्रीमंतांची मूठ चांदीची, हस्तिदंताची किंवा मोतीशिंपल्याची. बाकीच्यांसाठी पितळेवर सोन्याचा मुलामा. आता हा मुलामा कसा देत ते ऐका. सोने पाऱ्यात कालवायचे, तो लगदा धातूवर फासायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा वाफ होऊन उडे, सोने चिकटून राही. ती वाफ जाई मुलामा देणाऱ्याच्या छातीत. त्याचे हात कापू लागत, हिरड्या सुजत, दात हलत.

पॅरिसमधला रावरिओ नावाचा ब्राँझकाम करणारा कारखानदार १८१४ साली वारला. या रोगावर उपाय शोधणाऱ्यासाठी त्याने मृत्युपत्रात ३,००० फ्रँक ठेवले होते. १८१८ साली ते बक्षीस दार्से या रसायनज्ञाला मिळाले. त्याने वाफ ओढून नेणारे धुराडे बसवलेली भट्टी रचली होती. पुढे १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. पारा नको झाला. त्याच्या जागी सायनाइडचे द्रावण आले! एक विष गेले, दुसरे दाराशी उभे राहिले.

आणि फुले? हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ च्या आपल्या ग्रंथात लंडनच्या रस्त्यांवर फुले विकणाऱ्या दोन अनाथ बहिणींची हकीकत दिली आहे. थोरली पंधरा वर्षांची, धाकटी अकरा.

पुढे फुले पोशाखावरच टाचण्याची चाल पडली आणि या मुठी संग्रहालयांच्या कपाटांत गेल्या. तिथल्या चिठ्ठीवर धातू असतो, साल असते. मुलामा देणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. लहान सोन्याच्या खाणींत आजही माणसे पारा जाळून सोने काढतात. त्याला आवर घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून अमलात आला. करार कागदावर असतो. धुराडे भट्टीवर बसवावे लागते, आणि ते बसवून घ्यायला मागणारे संघटित हात लागतात.

सुंदर वस्तू जरूर पाहा, तिचे कौतुक करा. फक्त चिठ्ठीवर नसलेली ती एक ओळ मनात वाचा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.